वॉल्टर क्रॉन्काइट : बातमी सांगणारा माणूस आणि त्याच्याभोवतीची दंतकथा



आज ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे, त्याची एक गोष्ट पत्रकारितेच्या वर्गात बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ऐकलेली असते. गोष्ट अशी. फेब्रुवारी १९६८. अमेरिका व्हिएतनाममध्ये लढतेय. सीबीएस या नेटवर्कवर रोज संध्याकाळी बातम्या सांगणारे वॉल्टर क्रॉन्काइट स्वतः तिकडे जाऊन येतात आणि पडद्यावरून देशाला सांगतात, की हे युद्ध कोंडीत सापडलं आहे, आता वाटाघाटींना बसा. व्हाइट हाउसमध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन टीव्हीसमोर बसलेले असतात. कार्यक्रम संपतो, ते संच बंद करतात आणि जवळच्या माणसाला म्हणतात : क्रॉन्काइट आपल्या हातून गेला म्हणजे देश गेला. महिनाभरात ते जाहीर करतात की मी पुन्हा निवडणूक लढवणार नाही.

ऐकायला फार छान आहे. एक माणूस, एक खरं वाक्य, आणि सत्ता हलली. अडचण एवढीच की त्या रात्री जॉन्सन व्हाइट हाउसमध्ये नव्हतेच. २७ फेब्रुवारीला ते टेक्ससमध्ये ऑस्टिनला होते, गव्हर्नर जॉन कॉनली यांच्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाच्या समारंभात. तिथे त्यांनी विनोद केला की एक्कावन्न हा आकडा प्रत्येक राजकारण्याला हवाच असतो, साधं बहुमत! म्हणजे ज्या क्षणी दंतकथेतले जॉन्सन हताश होऊन संच बंद करत होते, त्याच्या आसपास खरे जॉन्सन लोकांना हसवत होते.

मग काय, गोष्ट खोटी म्हणून क्रॉन्काइटना मोडीत काढायचं? तसं नाही. आमचं म्हणणं उलट आहे. ही दंतकथा बाजूला केल्यावर जो माणूस उरतो तो जास्त बघण्यासारखा आहे. त्या रात्री तो जे बोलला त्याला वजन कुठून आलं, हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर त्या रात्रीत नाही, त्याआधीच्या तीस वर्षांत आहे. म्हणून थोडं मागे जाऊ.

क्रॉन्काइटांचा जन्म ४ नोव्हेंबर १९१६ चा, मिझुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावचा. वडील दंतवैद्य. मुलगा दहाएक वर्षांचा असताना कुटुंब टेक्ससमध्ये ह्यूस्टनला आलं. पुढे ऑस्टिनच्या विद्यापीठात नाव घातलं, पण वर्तमानपत्राच्या कामापायी वर्ग मागे पडले आणि १९३५ मध्ये पदवी न घेताच ते बाहेर पडले. मग कॅन्सस सिटीतल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर खेळांचं समालोचन. तेही गंमतीचं. मैदानात न जाता, तारेवरून येणाऱ्या तुटक मजकुरावरून सामना डोळ्यांसमोर चालू आहे असं वर्णन करायचं. नावसुद्धा वेगळं घेतलं होतं, वॉल्टर विलकॉक्स.

इथली त्यांनी स्वतः सांगितलेली एक हकीकत आहे. केंद्राच्या एका अधिकाऱ्याला बायकोचा फोन आला, की सिटी हॉलला मोठी आग लागली आहे, माणसं उड्या मारून मरताहेत. तो म्हणाला, लगेच बातमी दे. क्रॉन्काइट म्हणाले, आधी अग्निशमन दलाला फोन करतो. अधिकारी म्हणाला, माझी बायको तिथून बघून सांगतेय, आणखी काय पाहिजे? आणि तो स्वतःच माइकवर जाऊन बसला. चौकशीअंती आग किरकोळ निघाली. नोकरी मात्र क्रॉन्काइटांचीच गेली. आता ही हकीकत त्यांची त्यांनीच सांगितलेली, तेव्हा तिला थोडी कल्हई झाली असेल, असं धरून चालू. पण माणसाला आपली कुठली गोष्ट सांगावीशी वाटते, यावरूनही तो कळतो.

तिथून ते युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेत गेले. आमच्या मते क्रॉन्काइटांची खरी शाळा ही. वृत्तसंस्था म्हणजे काय, तर शेकडो वर्तमानपत्रांना एकाच वेळी तारेवरून बातमी पुरवणारी गिरणी. त्या वर्तमानपत्रांत सगळ्या मतांचे मालक. त्यामुळे बातमीत आपलं मत घालायला जागाच नाही. शिवाय प्रतिस्पर्धी असोसिएटेड प्रेस; दोन मिनिटं उशीर झाला तर त्यांची बातमी छापली जाणार. लवकर द्या, पण चुकू नका, आणि स्वतः मधे येऊ नका, अशी ती तालीम. मार्च १९३७ मध्ये टेक्ससमधल्या न्यू लंडन इथे एका शाळेत गॅसचा स्फोट होऊन जवळजवळ तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. विशीतल्या क्रॉन्काइटांनी ती बातमी घटनास्थळावरून पाठवली. पुढे एवढं महायुद्ध पाहूनही ते त्या शाळेबद्दल बोलत राहिले.

महायुद्धात ते याच संस्थेचे वार्ताहर होते. उत्तर आफ्रिकेतलं दोस्तांचं उतरणं त्यांनी पाहिलं. २६ फेब्रुवारी १९४३ ला जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात ते एका बी-१७ विमानात बसून गेले. बरोबर निघालेल्या वार्ताहरांपैकी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे रॉबर्ट पोस्ट परत आलेच नाहीत. पुढे सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमध्ये ते सैनिकांबरोबर ग्लायडरमधून उतरले. युद्धानंतर न्यूरेंबर्गचे खटले, मग १९४६ ते ४८ मॉस्को. युद्धाच्या काळातच एडवर्ड मरो यांनी त्यांना सीबीएस रेडिओत बोलावलं होतं. मरो म्हणजे त्या वेळचं केवढं नाव! क्रॉन्काइटांनी आधी हो म्हटलं, मग वृत्तसंस्थेने पगार वाढवल्यावर नाही म्हटलं. मरो यांना ते काही फार रुचलं नाही.

एवढं तपशिलात सांगायचं कारण असं, की १९६८ मध्ये व्हिएतनामला जो माणूस गेला तो युद्धाला घाबरणारा, किंवा लष्करावर मुळातच संशय घेणारा नव्हता. सेनापतींना तो तरुणपणापासून ओळखत होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सीबीएसमध्ये ते आले १९५० मध्ये, कोरियाचं युद्ध सुरू झाल्यावर. त्यांना कोरियाला जायचं होतं. बसवलं वॉशिंग्टनच्या स्थानिक टीव्ही केंद्रावर. तिथे त्यांनी काय केलं? फळा घेतला, खडू घेतला, नकाशा काढून युद्ध समजावून सांगायला सुरुवात केली. लिहून आणलेला कागद वाचण्यापेक्षा लोकांना हे आवडलं. टीव्ही तेव्हा इतका नवा होता की कशाला काय म्हणायचं हेही ठरलेलं नव्हतं. १९५२ मध्ये शिकागोला दोन्ही पक्षांची राष्ट्रीय अधिवेशनं झाली. तासन्‌तास चालणारं प्रक्षेपण, सभागृहात विखुरलेले वार्ताहर, आणि त्या सगळ्यांचं बोलणं एकत्र ओवणारा एक माणूस मध्ये बसलेला. या जागेला ‘अँकर’ म्हणायची पद्धत तिथून रूढ झाली. शब्द कुणी काढला यावर सीबीएसमधल्याच दोघा-तिघांनी हक्क सांगितला आहे, आणि तो त्याआधीही तुरळक वापरात होता. जाता जाता, स्वीडनमध्ये म्हणे बातम्या देणाऱ्यांना ‘क्रॉन्काइटर’ म्हणतात, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. भाषेच्या अभ्यासकांनी तपासलं. स्वीडिश भाषेत असा शब्द नाही. या माणसाभोवती दंतकथा फार चटकन गोळा होतात!

मधली वर्षं चढउतारांची. १९५४ मध्ये सकाळचा एक कार्यक्रम त्यांच्याकडे आला, त्यात त्यांचा जोडीदार शार्लमेन नावाचा सिंह होता, कळसूत्री बाहुला. बातम्यांवर सिंहाशी गप्पा मारायच्या. मॉस्कोत वार्ताहर म्हणून राहून आलेला माणूस हे करत होता. मनोरंजन आणि बातमी यांची सरमिसळ आजची आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा सिंह आठवावा.

१६ एप्रिल १९६२ ला डग्लस एडवर्ड्स यांच्या जागी क्रॉन्काइट सीबीएसच्या संध्याकाळच्या बातम्यांवर आले. तेव्हा हे बातमीपत्र पंधरा मिनिटांचं होतं. २ सप्टेंबर १९६३ पासून ते अर्ध्या तासाचं झालं. पहिल्याच दिवशी अध्यक्ष केनेडींची मुलाखत, आणि त्यात व्हिएतनामचा प्रश्न. केनेडी म्हणाले, शेवटी ते युद्ध त्या लोकांचं आहे, जिंकायचं ते त्यांनाच.

या बातमीपत्रात क्रॉन्काइटांचं पद दोन प्रकारचं होतं, आणि इथे आपण जरा थांबू. ते पडद्यावर दिसणारे निवेदक तर होतेच, पण त्यांनी आग्रहाने मागून घेतलेलं दुसरं पद होतं व्यवस्थापकीय संपादकाचं. कोणती बातमी पहिली, कोणती गाळायची, कुठल्या वाक्याला आधार काय, यात त्यांचा शब्द चाले. आपल्याकडे चित्र वेगळं होतं. दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली १५ सप्टेंबर १९५९ ला, प्रयोग म्हणून. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. तिथल्या मराठी बातम्यांमधून स्मिता पाटील, भक्ती बर्वे यांचे चेहरे लोकांना ओळखीचे झाले. स्मिता पाटील तर चित्रपटात येण्याआधी लोकांना भेटल्या त्या तिथे. पण वृत्तविभागाने तयार केलेला मजकूर स्वच्छ, शुद्ध वाचणं हे निवेदकाचं काम होतं. बातमी ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. आता दोन्हींना आपण सर्रास ‘अँकर’ म्हणतो आणि तो फरक पुसला जातो. यात कमीअधिक ठरवायचं नाहीये. नीट वाचणं हीही कला आहे आणि त्या पिढीने ती उत्तम सांभाळली. पण क्रॉन्काइटांचा अधिकार चेहऱ्यातून किंवा आवाजातून आला नव्हता, तो टेबलामागच्या कामातून आला होता, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

आवाजाबद्दल मात्र एक सांगायला हवं. ते मिनिटाला साधारण १२४ शब्द या गतीने बोलत. सामान्य अमेरिकन माणूस १६५ च्या आसपास बोलतो. हे हळू बोलणं त्यांनी मुद्दाम सवयीने आणलेलं होतं, ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द कळावा म्हणून.

आता २२ नोव्हेंबर १९६३. दुपारची वेळ, न्यूयॉर्कच्या घड्याळात एक चाळीस. सीबीएसवर एक कौटुंबिक मालिका चालू आहे. मधेच पडद्यावर नुसती पाटी येते आणि मागून क्रॉन्काइटांचा आवाज : डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या ताफ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आहेत. चेहरा दिसत नाही, कारण त्या काळातले कॅमेरे तापायलाच वीसेक मिनिटं लागत आणि वृत्तकक्षात तयार कॅमेरा नव्हता. दोन वाजता ते दिसले, कोट न घालता, नुसत्या शर्टावर. पुढची अडतीस मिनिटं नीट बघण्यासारखी आहेत. त्याचं चित्रमुद्रण आज सहज मिळतं. डॅलसहून मृत्यूच्या बातम्या यायला लागलेल्या आहेत. सीबीएसचेच वार्ताहर तसं कळवत आहेत. क्रॉन्काइट त्या लपवत नाहीत, पण प्रत्येक वेळी बजावतात, की याला अजून अधिकृत दुजोरा नाही. दोन अडतीसला हातात कागद येतो. चष्मा लावतात, वाचतात : अध्यक्ष केनेडी यांचं निधन, पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दोन वाजता. चष्मा काढतात, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, म्हणतात, अडतीस मिनिटांपूर्वी. मग आवंढा गिळतात. दोनतीन सेकंद. आणि पुढचं वाक्य : उपाध्यक्ष जॉन्सन कुठे आहेत ते.

लोकांना तो आवंढा आठवतो. साहजिक आहे. आम्हाला मात्र घड्याळाकडे बघणं जास्त मोलाचं वाटतं. इतक्या मोठ्या धक्क्यातसुद्धा ‘केव्हा’ हा प्रश्न त्या माणसाने सोडला नाही.

यानंतर क्रॉन्काइट एकदम शिखरावर पोहोचले असं समजू नका. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, रिपब्लिकन अधिवेशनाच्या प्रक्षेपणात एनबीसीच्या हंटली आणि ब्रिंकली या जोडीने सीबीएसला मागे टाकलं. सीबीएसने काय केलं? डेमोक्रॅटिक अधिवेशनासाठी क्रॉन्काइटना खुर्चीवरून उठवलं आणि दुसरे दोघे बसवले. म्हणजे ज्यांना पुढे राष्ट्राचा आवाज म्हटलं गेलं, त्यांना त्यांच्याच घरच्यांनी नऊ महिन्यांत बाजूला केलं होतं. एनबीसीला ते मागे टाकू शकले ते साठच्या दशकाच्या शेवटाकडे.

आणि व्हिएतनाम. इथे जरा सावकाश जाऊ.

सुरुवातीला क्रॉन्काइट युद्धाच्या बाजूचे होते, असंच म्हणावं लागेल. १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातल्या घटनेबद्दल सरकारने जे सांगितलं ते त्यांच्या बातमीपत्राने जवळपास तसंच पुढे दिलं. १९६५ मध्ये ते स्वतः जाऊन आले तेव्हाही त्यांचा कल सैन्याकडेच होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉर्ली सेफर यांचं कॅम ने गावातलं वार्तापत्र त्यांच्या कार्यक्रमात दाखवलं गेलं. अमेरिकन सैनिक सिगारेटच्या लायटरने गावकऱ्यांच्या झोपड्या पेटवताना दिसले. जॉन्सन संतापले, सीबीएसच्या अध्यक्षांना फोन करून वाट्टेल ते बोलले. ते चित्रण दाखवायचं धाडस बातमीपत्राने केलं हे खरं; पण क्रॉन्काइटांनी त्यावर स्वतःचं मत दिलं नाही.

मग ३० आणि ३१ जानेवारी १९६८. व्हिएतनामी नववर्षाचा सण, टेट. शत्रू खचत चालला आहे असं महिनोन्‌महिने सांगितलं जात असताना दक्षिण व्हिएतनाममधल्या शंभरावर शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी हल्ले झाले. सायगॉनमधल्या अमेरिकन वकिलातीच्या आवारातसुद्धा हल्लेखोर घुसले. लष्करीदृष्ट्या हल्ला परतवला गेला, कम्युनिस्टांचं नुकसान प्रचंड झालं. पण मग आतापर्यंत सांगत होते ते काय होतं, हा प्रश्न उभा राहिला.

फेब्रुवारीत क्रॉन्काइट निघाले. बरोबर निर्माते अर्नेस्ट लायझर. ते सायगॉनला गेले आणि ह्वे शहरात गेले, जिथे घराघरांतून लढाई चालू होती. त्यांची जुनी ओळख असलेले जनरल क्रेटन एब्रम्स यांच्याशी ते बोलले. ह्वेमधून बाहेर पडताना ज्या हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळाली, त्यात बारा मरीन सैनिकांचे मृतदेह होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. महायुद्धाच्या वार्ताहराला हे दृश्य नवीन नव्हतं. फरक असा की १९४४ मध्ये आपण कुठे चाललो आहोत हे विचारलं तर सेनापती नकाशावर बोट ठेवून दाखवू शकत होते. इथे तसं बोट ठेवता येत नव्हतं.

२७ फेब्रुवारीच्या रात्री दहाला जो कार्यक्रम झाला, तो रोजच्या बातमीपत्राचा भाग नव्हता. हे फार कमी वेळा सांगितलं जातं. तो स्वतंत्र विशेष कार्यक्रम होता. बराचसा भाग प्रत्यक्ष चित्रण आणि मुलाखती. शेवटची काही मिनिटं मत. आणि ते मत आहे हे क्रॉन्काइटांनी आधी स्पष्ट सांगितलं, की आता बोलतोय ते वैयक्तिक आहे, अंदाजाचं आहे. सीबीएस न्यूजचे प्रमुख रिचर्ड सॅलंट यांचाही आग्रह बातमी आणि मत वेगळं ठेवण्याचाच होता. बोलले काय? आपण विजयाजवळ आहोत असं मानणं म्हणजे पूर्वी चुकीचे ठरलेल्यांवर पुन्हा विश्वास ठेवणं. आपण हरतोय असंही नाही. आपण कोंडीत आहोत. शहाणपणाचा मार्ग वाटाघाटींचा. विजेते म्हणून नाही, तर शब्द पाळणारे आणि आपल्या परीने प्रयत्न केलेले प्रामाणिक लोक म्हणून.

आज वाचलं तर यात बंड कुठे आहे, असं वाटेल. आणि तेव्हाही हे कुणी पहिल्यांदा म्हणत नव्हतं. कोंडी हा शब्द ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आर. डब्ल्यू. ॲपल यांनी ऑगस्ट १९६७ मध्येच वापरला होता. युद्धाला पाठिंबा देत आलेल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २३ फेब्रुवारीच्या अग्रलेखात, म्हणजे क्रॉन्काइटांच्या चार दिवस आधी, हे सगळं फसण्याची शक्यता लोकांनी स्वीकारायची तयारी ठेवावी असं लिहिलं. गॅलपच्या पाहणीत ऑक्टोबर १९६७ मध्येच ४७ टक्के लोक सैन्य पाठवणं ही चूक होती म्हणत होते, नाही म्हणणारे ४४. म्हणजे क्रॉन्काइट लोकमताच्या पुढे नव्हते, मागून येत होते.

आणि जॉन्सन? पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्यावर काय काय कोसळलं बघा. जनरल वेस्टमोरलंड यांची आणखी दोन लाख सहा हजार सैनिकांची मागणी १० मार्चला वर्तमानपत्रात फुटली. १२ मार्चला न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक फेरीत युद्धविरोधी यूजीन मॅकार्थी यांनी ४२ टक्के मतं घेतली. विद्यमान अध्यक्षांना जेमतेम ४९. १६ मार्चला रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले. नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड आतून शंका घेऊ लागले, आणि महिन्याच्या शेवटी जुन्या अनुभवी सल्लागारांनी अध्यक्षांना सांगितलं की यातून पाय काढा. ३१ मार्चची घोषणा या सगळ्यातून आली. एका कार्यक्रमाने ती घडवली असं म्हणणाऱ्याला बाकी सगळा मार्च महिना कॅलेंडरवरून फाडावा लागेल.

मग ते वाक्य आलं कुठून? १९७९ मध्ये डेव्हिड हॅल्बरस्टॅम यांच्या प्रसारमाध्यमांवरच्या गाजलेल्या पुस्तकात, जॉन्सन यांचे प्रसिद्धी सचिव जॉर्ज ख्रिश्चन यांच्याशी झालेलं बोलणं म्हणून ते आलं. त्यानंतर ते बदलत गेलं. कधी ‘देश गमावला’, कधी ‘मध्यमवर्गीय अमेरिका गमावली’, कधी ‘युद्ध गमावलं’. मूळ उच्चार नक्की असता तर एवढी रूपं झाली नसती. जोसेफ कॅम्बेल या माध्यमांच्या अभ्यासकांनी त्या रात्रीचं जॉन्सन यांचं वेळापत्रकच समोर ठेवलं आणि गोष्टीचा पाया हलला. कार्यक्रमाने सरकारात खळबळ झाली असं मात्र ख्रिश्चन यांनीही सांगितलं आहे, तेव्हा परिणाम शून्य होता असंही कुणी समजू नये.

आमच्या मते गोष्ट टिकली, कारण ती दोन्ही बाजूंना सोयीची होती. पत्रकारांना वाटलं, बघा आमची ताकद. आणि युद्ध हरल्याचं खापर टीव्हीवर फोडू पाहणाऱ्यांनाही वाटलं, बघा, सैन्य हरलं नव्हतं, स्टुडिओतल्या एका माणसाने हरवलं! एकमेकांचं तोंड न बघणारे दोघेही या एका गोष्टीवर एकमत. अशी गोष्ट मरत नाही.

तर वजन कुठून आलं, हा आपला प्रश्न. जो माणूस सहा वर्षं, आठवड्यातले पाच दिवस, मत न देता बातमी सांगत होता, सैन्याला आपला मानत होता, सरकारचं म्हणणं जरा जास्तच सहज मान्य करत होता, तो म्हणाला की हे जमत नाहीये. रोज ओरडणाऱ्याने हे म्हटलं असतं तर कुणी मान वर केली नसती. त्यांच्या उशिराने येण्याचंच ते वजन होतं. आता यावर उलट बाजूने कुणी म्हणेल, की तोपर्यंत गेलेल्या हजारो जिवांचं काय? सेफर यांच्यासारखे वार्ताहर तीन वर्षं जे दाखवत होते ते मुख्य खुर्चीला पटायला टेट का लागावं? हा आक्षेप आम्हाला रास्त वाटतो. संयमाची किंमत असते, आणि ती नेहमी संयम बाळगणाराच मोजतो असं नाही.

आणखी एक. इतिहासकार डग्लस ब्रिंकली यांनी २०१२ मध्ये क्रॉन्काइटांचं मोठं चरित्र लिहिलं. त्यात असं आहे की या कार्यक्रमानंतर क्रॉन्काइटांनी रॉबर्ट केनेडींना खाजगीत भेटून निवडणूक लढवण्याचा आग्रह केला, युद्ध थांबवण्यासाठी. पडद्यावर निःपक्ष आणि पडद्यामागे एका उमेदवाराला उभं राहा म्हणून सांगायचं, हे त्यांच्याच नियमात बसत नव्हतं. कार्यक्रमातलं मत त्यांनी उघडपणे, मत म्हणून दिलं होतं. ही भेट झाकलेली होती. आमच्या लेखी पहिली गोष्ट त्यांच्या जमेची आणि दुसरी नावेची.

‘अमेरिकेतला सर्वाधिक विश्वासार्ह माणूस’ हे बिरुदही जरा उलगडून बघू. ते आलं १९७२ च्या ऑलिव्हर क्वेल यांच्या एका पाहणीतून. विश्वासाच्या मापावर क्रॉन्काइटना ७३ टक्के मिळाले, बाकी सगळे खाली. पण बाकी सगळे कोण? यादी राजकारण्यांची होती. व्हिएतनाम चालू असताना राजकारण्यांच्या रांगेत एका बातमीवाल्याला उभं केलं तर तो उंच दिसणारच. सीबीएसने मात्र ते बिरुद पुढे मनसोक्त वापरलं.

त्या उंचीचा त्यांनी एकदा फार चांगला उपयोग केला. ऑक्टोबर १९७२. वॉटरगेटची प्रकरणं ‘वॉशिंग्टन पोस्ट’ एकट्याने खणत होता आणि देशात फारसं कुणी लक्ष देत नव्हतं. निवडणूक अकरा दिवसांवर. २७ तारखेच्या बातमीपत्रात, जाहिराती वगळून उरणाऱ्या बावीस मिनिटांपैकी चौदाएक मिनिटं क्रॉन्काइटांनी या एकाच विषयाला दिली. नवीन माहिती जवळजवळ नव्हती. असलेली माहिती क्रमाने, नकाशा समजावावा तशी मांडली. निक्सन यांचे सहकारी चार्ल्स कोल्सन यांनी सीबीएसचे प्रमुख विल्यम पेली यांना फोन केला. दुसरा भाग आठ मिनिटांवर आला. दाखवला गेला, पण कापून. निक्सन प्रचंड बहुमताने निवडूनही आले. म्हणजे पुन्हा तेच : त्या रात्रीने देश हलला नाही. पण गोष्ट एका शहराच्या वर्तमानपत्रातून देशभर पोहोचली, हे नक्की.

चांद्रविजयाचं सर्वांना माहीतच आहे, म्हणून थोडक्यात. २० जुलै १९६९ च्या सुमारास तीस तासांपैकी सत्तावीस तास ते पडद्यावर होते. यान उतरलं तेव्हा चष्मा काढून हात चोळत बसले, शब्दच सुचले नाहीत. शेजारी बसलेले अंतराळवीर वॉली शिरा यांना म्हणाले, तुम्हीच काहीतरी बोला. आपल्याकडे मुंबईत तेव्हा टीव्ही नव्हता. मराठी माणसाने चंद्र रेडिओवर ऐकला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पाहिला. नोव्हेंबर १९७७ मध्ये इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांच्या मुलाखती त्यांनी एकाच दिवशी उपग्रहावरून घेतल्या, आणि पाच दिवसांत सादात जेरुसलेमला होते. तिथेही मूळ हालचाल आधीपासून चालू होती, पण दोघांना जाहीरपणे शब्दात अडकवण्याचं काम त्या दिवशी झालं.

रोज शेवटी ते म्हणत, ‘तर हे असं आहे’, आणि तारीख सांगत. सीबीएसच्या सॅलंटना हे वाक्य आवडत नसे. अर्ध्या तासात जग असं आहे म्हणून सांगणं म्हणजे जरा जास्तच, असं त्यांचं मत. मुद्दा चुकीचा नव्हता. त्या अर्ध्या तासाचा सगळा मजकूर छापला तर वर्तमानपत्राचं पहिलं पानही भरत नाही, हे क्रॉन्काइट स्वतःच लोकांना सांगत आणि वर्तमानपत्र वाचा म्हणत. तरी वाक्य सोडलं नाही. इराणमधल्या अमेरिकन ओलिसांच्या काळात त्याला जोड मिळाली ओलीसपणाच्या दिवसांच्या मोजणीची. ती ४४४ पर्यंत गेली.

६ मार्च १९८१ ला, चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी खुर्ची सोडली. डॅन रॅदर आले. क्रॉन्काइटना वाटलं होतं की अधूनमधून आपल्याला बोलावतील, मोठ्या प्रसंगी विचारतील. तसं फारसं झालं नाही, आणि लवकर निवृत्त झाल्याची खंत त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली. व्हिएतनामबद्दलच्या कार्यक्रमाचा मात्र त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता. २००६ मध्ये, इराकचं युद्ध चालू असताना, तसंच आज बोलाल का असं विचारल्यावर ते हो म्हणाले.

त्याच वर्षी सीबीएसच्या संध्याकाळच्या बातम्यांवर केटी कुरिक आल्या, आणि त्यांची ओळख करून देणारं सुरुवातीचं वाक्य क्रॉन्काइटांच्या आवाजात मुद्रित केलं गेलं. १७ जुलै २००९ ला, चांद्रविजयाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला तीन दिवस असताना, ते गेले. आवाज त्यानंतरही काही महिने रोज संध्याकाळी वाजत होता. जानेवारी २०१० मध्ये त्याच्या जागी अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांचा आवाज आला.

आता प्रश्न घेऊ.